महिन्यातून दोन दिवस विमानांपाशी: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

अमेरिकेत एअर नॅशनल गार्ड आणि एअर फोर्स रिझर्व्ह या दोन दलांत नोकरीधंदा सांभाळून विमान देखभाल अधिकारी होता येतं. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांची उत्तरं इथे देत आहोत. नियमांच्या बारकाव्यांमध्ये गार्ड आणि रिझर्व्ह यांच्यात थोडाफार फरक असतो. जिथे त्या फरकाने काही बिघडतं, तिथेच तो सांगितला आहे.

मी ३४ वर्षांचा सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ग्रीन कार्ड आहे. घराजवळ मॉफेट फील्डला गार्डचं युनिट आहे असं कळलं. मला तिथे अर्धवेळ अधिकारी होता येईल का?
— वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

ग्रीन कार्डावर अधिकारी होता येत नाही. कमिशनसाठी, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणुकीसाठी, अमेरिकेचं नागरिकत्व लागतं आणि त्याला सूट नाही. ग्रीन कार्डावर शिपाई म्हणून, म्हणजे एनलिस्टेड, भरती होता येतं. सेवेच्या आधारावर नागरिकत्वाचा अर्जही लवकर करता येतो. सप्टेंबर २००१ पासूनचा काळ त्या कायद्यात युद्धकाळ धरला आहे आणि सिलेक्टेड रिझर्व्हमधली, म्हणजे गार्ड-रिझर्व्हच्या नियमित ड्रिल करणाऱ्या युनिटांमधली, सेवा त्यात मोजली जाते. बरेच जण आधी क्रू चीफ (एका विमानाची देखभाल सांभाळणारा) किंवा एव्हिऑनिक्सच्या (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या) कामावर काही वर्षं काढतात आणि मग त्याच युनिटमधून अधिकारीपदासाठी अर्ज करतात. आमच्या मते देखभालीच्या कामासाठी हा रस्ता सगळ्यात चांगला. ज्याने स्वतः पाना धरलाय त्याला कोणी फसवू शकत नाही.

नागरिक झाल्यावर मात्र वय आड येत नाही, कारण कमिशनची मर्यादा आता ४२ वर्षं आहे. पदवी लागते, पण ती इंजिनिअरिंगचीच हवी असं नाही. एएफओक्यूटी या अधिकारीपदाच्या परीक्षेत शाब्दिक भागात किमान १५ आणि गणिती भागात किमान १० पर्सेंटाइल लागतात. हा फक्त उंबरठा आहे, युनिटचं निवड मंडळ याहून बरंच जास्त बघतं. शिवाय वैद्यकीय तपासणी आणि सीक्रेट दर्जाची सुरक्षा मंजुरी.

लोक चुकतात ते क्रमात. गार्डमध्ये आधी युनिट शोधायचं, तिथे २१-ए, म्हणजे विमान देखभाल अधिकारी, या पदाची जागा रिकामी आहे का ते विचारायचं, ड्रिलच्या, म्हणजे महिन्याच्या हजेरीच्या, शनिवारी हँगर बघायला जायचं आणि मग अर्ज भरायचा. जागाच नसेल तर उत्तम गुणांचाही उपयोग नाही. मॉफेटच्या १२९व्या रेस्क्यू विंगकडे एचसी-१३०जे ही विमानं आणि बचावाची हेलिकॉप्टरं आहेत, म्हणजे एका छताखाली दोन अगदी वेगळ्या जातींची देखभाल. नवख्या अधिकाऱ्याला ते जड जातं, पण शिकायला भरपूर मिळतं.

निवड झाल्यावर अलाबामात मॅक्सवेल तळावर ऑफिसर ट्रेनिंग स्कूल आणि नंतर टेक्सासमधल्या शेपर्ड तळावर विमान देखभाल अधिकाऱ्यांचा कोर्स. दोन्ही पूर्णवेळ असतात. अर्धवेळ नोकरीची सुरुवात काही महिने घर सोडून होते, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

मी आता अमेरिकन नागरिक आहे, ओसीआय कार्ड आहे. आई-वडील पुण्यात, तिथे वडिलांबरोबर माझ्या नावावर फ्लॅट आणि बँकेत ठेवी. सुरक्षा मंजुरी मिळेल का?
— वाचक, एडिसन, न्यू जर्सी

नातेवाईक आणि फ्लॅट यामुळे मंजुरी आपोआप नाकारली जात नाही. ती नाकारली जाते लपवण्यामुळे. एसएफ-८६ या सुरक्षा मंजुरीच्या फॉर्मवर राहण्याचे पत्ते आणि नोकऱ्या १० वर्षांच्या, परदेशप्रवास आणि परदेशी व्यक्तींशी असलेले जवळचे संबंध ७ वर्षांचे द्यावे लागतात. भारताच्या फेऱ्यांच्या तारखा पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून आधीच एका कागदावर उतरवा. फ्लॅटमधला वाटा, संयुक्त खाती, मुदत ठेवी, सगळं लिहा. परदेशी खात्यांतली एकूण रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचा सरकारला द्यायचा अहवाल, भरणं मुळातच सक्तीचं आहे. एसएफ-८६ वर चार खाती आणि एफबारवर दोन, अशी तफावत चौकशी अधिकाऱ्याला फ्लॅटपेक्षा जास्त खुपते.

खरी अडचण दुसऱ्या बाजूची आहे आणि ती फारच थोड्यांना माहीत असते. भारत सरकारच्या नियमानुसार परदेशी सैन्यात असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या व्यक्तीला ओसीआय मिळण्याचा हक्क नाही. गार्ड आणि रिझर्व्ह अर्धवेळ असले तरी ते सैन्यच. तुमच्याकडे कार्ड आधीपासून आहे, म्हणून शपथ घेण्यापूर्वी भारतीय कॉन्सुलेटला लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. फोनवरच्या आश्वासनावर विसंबू नका. म्हाताऱ्या आई-वडिलांकडे अचानक धावावं लागलं तर व्हिसाला किती दिवस लागतील, हा हिशेब सही करण्याआधी मांडायचा असतो.

महिन्यातले दोन दिवस आणि वर्षाचे पंधरा दिवस. एवढ्यात अधिकारी नक्की करतो काय? विमानं तर रोजच उडतात.
— वाचक, ह्यूस्टन, टेक्सास

विमानं रोज उडतात ती पूर्णवेळ तंत्रज्ञांच्या जिवावर. गार्डमध्ये त्यांना टेक्निशियन किंवा एजीआर म्हणतात, रिझर्व्हमध्ये एआरटी. सोमवार ते शुक्रवार तेच दुरुस्ती करतात. शनिवारी सकाळी तुम्ही गणवेशात हजर होता तेव्हा प्रॉडक्शन सुपरिटेंडंट, ज्याला सगळे प्रो सुपर म्हणतात, तो त्याच विमानांवर पंधरा-वीस वर्षं काढलेला असतो. त्याला विमान शिकवायला जाऊ नका.

ड्रिलच्या शनिवार-रविवारचे चार भाग धरतात. प्रत्येक भाग किमान ४ तासांचा आणि त्याला यूटीए म्हणतात. त्यातला बराच वेळ दात तपासणी, लशी, फिटनेस चाचणी, संगणकावरची सक्तीची प्रशिक्षणं आणि हाताखालच्यांची मूल्यमापनं यात जातो. नवीन लेफ्टनंट इथेच वाहून जातो. रविवारी दुपारी लक्षात येतं की फ्लाइटलाइनवर, म्हणजे विमानं उभी असतात तिथे, पाऊलही पडलं नाही. यावर उपाय कंटाळवाणा आहे. गुरुवारी संध्याकाळी अर्धा तास फोन करून तीन गोष्टी विचारा: कोणतं विमान कशामुळे जमिनीवर आहे, कोणता सुटा भाग कधी येणार आणि या दोन दिवसांत कोणाचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण बाकी आहे. शेवटचा मुद्दा सगळ्यात मोलाचा. अर्धवेळ मेकॅनिकला चाक बदलणं किंवा इंजिन बोरोस्कोप करणं (आत बारीक कॅमेरा घालून तपासणं) शिकायला विमान मोकळं हवं, अवजारं हवीत आणि शिकवणारा सार्जंट हवा. तिन्ही एका वेळी जुळवून आणणं हे अधिकाऱ्याचं काम. ते आयत्या वेळी जमत नाही.

दुसरं काम सहीचं. उड्डाणाआधी एएफटीओ ७८१-एच या फॉर्मवर एक्सेप्शनल रिलीज म्हणून सही लागते. चालू फॉर्म तपासले आहेत आणि विमान उडायला योग्य आहे, असा तिचा अर्थ. ही सही ज्यांचं नाव स्पेशल सर्टिफिकेशन रोस्टरवर, म्हणजे अशा सह्यांचा अधिकार असलेल्यांच्या यादीत, आहे तेच करू शकतात. अर्धवेळ माणसाचं नाव तिथून गळण्याची कारणं साधी असतात. वार्षिक प्रशिक्षणाची तारीख उलटते किंवा महिनाभर न वापरल्याने संगणकाचं खातं बंद पडतं. खातं उघडायला अख्खा शनिवार जातो, म्हणून तेही आठवड्यात आधीच तपासून घ्या.

फॉर्मवरची लाल चिन्हं पुस्तकात समजतात, पण प्रत्यक्षात गोंधळ होतो. तिरकी रेघ कधी आणि क्रॉस कधी?
— नवीन लेफ्टनंट, केसी-१३५ युनिट

तीन चिन्हं आहेत. लाल क्रॉस म्हणजे विमान असुरक्षित, उडणार नाही. आडवी रेघ म्हणजे स्थिती माहीत नाही: एखादी तपासणी उलटून गेली आहे किंवा दुरुस्तीनंतरची चाचणी व्हायची आहे. तिरकी रेघ म्हणजे दोष आहे, पण उड्डाण थांबवण्याइतका नाही.

गोंधळ होतो तो आडव्या रेघेमुळे. 'बहुतेक ठीकच असेल' या भावनेने ती तिरक्या रेघेसारखी वाचली जाते. खरं तर ती 'आम्हाला माहीत नाही' अशी कबुली आहे.

तुमच्या केसी-१३५ वरचं उदाहरण घेऊ. पंखाखाली इंधनाचा ओला डाग दिसतोय. डाग बघून चिन्ह ठरवायचं नसतं. जागा कोरड्या फडक्याने पुसायची, गळतीची पावडर लावायची आणि ३० मिनिटांनी ओल कुठवर पसरली ते मोजायचं. ओलीचा पसारा पाऊण इंचाच्या आत असेल तर मंद पाझर, पाऊण ते दीड इंच म्हणजे पाझर, दीड ते चार इंच म्हणजे जोरदार पाझर आणि त्यापुढे वाहती गळती. मग ती जागा उघड्या पृष्ठभागावर आहे की बंदिस्त कप्प्यात, ते टेक्निकल ऑर्डरच्या, म्हणजे देखभालीच्या अधिकृत पुस्तिकेच्या, तक्त्यात बघायचं. तोच पाझर उघड्या पंखाखाली चालून जाईल, पण तारा असलेल्या बंद कप्प्यात विमान थांबवेल, कारण तिथे वाफ कोंडते. फॉर्मवर 'इंधन गळती' एवढंच लिहिलं असेल तर परत पाठवा. जागा, वर्ग आणि मोजल्याची वेळ, तिन्ही हवीत.

एकदा टाकलेलं चिन्ह खोडत नाहीत. दुरुस्ती झाली की ज्याला अधिकार आहे तो चिन्हावर आपलं आद्याक्षर घालतो. लाल क्रॉसला दुरुस्ती करणाऱ्याची सही पुरत नाही, तपासणाऱ्याची वेगळी सही लागते. दोन्ही जागी एकच हस्ताक्षर दिसलं तर थांबा.

अनुभवी डोळा सगळ्यात जास्त शोधतो ते दुसऱ्या कामासाठी उघडलेले भाग. विमानातली एक इलेक्ट्रॉनिक पेटी काढायची म्हणून आधी दुसरी काढली, तिचा कनेक्टर सोडला, पॅनेल उघडलं. या प्रत्येक गोष्टीची ७८१-ए या दोष-दुरुस्तीच्या फॉर्मवर स्वतंत्र नोंद हवी. एकाच नोंदीत सगळं गुंडाळलं तर संध्याकाळच्या पाळीला मुख्य पेटी बसलेली दिसते, नोंद बंद होते आणि सुटलेला कनेक्टर तसाच लोंबत राहतो. वाचताना 'काढलं' या प्रत्येक नोंदीसमोर 'बसवलं' आणि 'चाचणी घेतली' सापडतंय का, एवढंच बघा. मग ७८१-के वर जा. लांबणीवर टाकलेले दोष आणि मुदत संपत आलेले भाग तिथे असतात. ७८१-जे वर इंजिनचे तास. हा क्रम पाळला तर कागद बोलायला लागतात.

मासिक आढाव्यात मिशन केपेबल (मोहिमेसाठी सक्षम) ६५ टक्के, देखभालीमुळे बंद २५ टक्के, पुरवठ्यामुळे बंद १५ टक्के असं दिसलं. बेरीज १०५ कशी?
— वाचक, सेंट लुईस, मिझुरी

बेरीज बरोबर आहे. दोन्ही कारणांनी बंद असलेले तास दोनदा मोजले जातात. १५ विमानं, ३० दिवस, म्हणजे १०,८०० तास धरा. पूर्ण सक्षम ५,४०० आणि अंशतः सक्षम १,६२० मिळून ७,०२०, म्हणजे ६५ टक्के. उरलेल्या ३,७८० तासांत फक्त देखभालीचे २,१६०, फक्त पुरवठ्याचे १,०८० आणि दोन्हींचे ५४०. हे ५४० दोन्ही एकूणांत शिरतात. देखभाल २,७००, पुरवठा १,६२०. जास्तीचे ५ टक्के तिथून आले.

आता कामाचं. हा आकडा मागच्या महिन्याचा आहे, त्यावर वाद घालून काही उडत नाही. पुढचं दाखवतं ते फेजचं, म्हणजे ठरावीक उड्डाण तासांनी होणाऱ्या मोठ्या तपासणीचं, चित्र. समजा १० विमानं आहेत आणि दर ४०० तासांनी फेज तपासणी होते. आदर्श स्थितीत त्यांचे उरलेले तास ४०, ८०, १२० असे ४०० पर्यंत पायरीने चढतात. प्रत्यक्षात तीन विमानं ५० च्या खाली आणि चार ३०० च्या वर दिसली, तर पुढच्या दोन महिन्यांत फेज हँगरसमोर रांग लागणार आणि त्यानंतर हँगर रिकामा पडणार, हे आजच कळतं. कमी तास उरलेली विमानं मोजून उडवायची आणि जास्त तासवाली पुढे काढायची. वैमानिकांना नेहमीचं 'चांगलं' विमान हवं असतं, ते कुरकुरतील. कुरकुरू द्या. ते विमान चांगलं असतं म्हणूनच सारखं उडतं आणि रांगेत सगळ्यांत आधी येऊन बसतं.

एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावणं, म्हणजे कॅनिबलायझेशन, कधीकधी अटळ असतं. पण त्यात काम दुप्पट होतं: दोनदा काढणं, दोनदा बसवणं. आणि चांगला भाग हाताळताना मोडण्याची शक्यताही दुप्पट. भागाची येण्याची तारीख न विचारता परवानगी देऊ नका.

अवजार हरवलं तर नेमकं काय करायचं? आमच्याकडे आधी शोधायचं आणि मग सांगायचं अशी पद्धत दिसते.
— वाचक, अटलांटिक सिटीजवळून

थोडा शोध घेऊन लगेच सांगायचं, हे ठीक. शोधत राहून पाळी संपताना सांगायचं, हे धोक्याचं. अवजारांच्या पेटीतली जागा रिकामी दिसली की त्या माणसाने हातातलं काम थांबवायचं, आसपास बघायचं आणि न सापडल्यास एक्सपिडायटर (फ्लाइटलाइनवरचं काम हलवणारा) किंवा प्रो सुपरला कळवायचं. ती पेटी ज्या ज्या विमानावर वापरली गेली, त्या प्रत्येकाच्या फॉर्मवर अवजाराच्या वर्णनासह लाल क्रॉस. मेंटेनन्स ऑपरेशन्स सेंटर आणि क्वालिटी अशुरन्सला खबर. मग नीट शोध, गरज पडल्यास बोरोस्कोप किंवा एक्स-रे. तरीही सापडलं नाही तर विमान सोडायचं की नाही, हे नियमाने नेमलेल्या वरच्या अधिकाऱ्याने ठरवायचं. ते सार्जंटच्या गळ्यात टाकू नका.

मोडलेल्या अवजाराचे सगळे तुकडे जुळवून बघा. बिटचं टोक तुटून आत राहिलं तर पेटी भरलेली दिसते आणि धोका तसाच राहतो.

सांगायला उशीर का होतो? सांगणाऱ्याला ओरडा बसतो म्हणून. पहिल्या वेळी तुम्ही कसे वागता, त्यावर पुढची पाच वर्षं लोक किती लवकर सांगतील ते ठरतं.

एफ-१६ च्या फ्लाइटलाइनवर पहिल्यांदा जायचंय. काय सांभाळू?
— वाचक, न्यू जर्सी

अंगठी, टोपी, गळ्यातली ओळखपत्राची दोरी काढून ठेवा. एअर इनटेकच्या समोरून जाऊ नका. कानात प्लग आणि वर मफ, दोन्ही. या विमानातल्या आणीबाणीच्या वीज-हायड्रॉलिक यंत्रणेत एच-७० असतं, म्हणजे ७० टक्के हायड्राझीन आणि ३० टक्के पाणी. ते विषारी आहे. अमोनियासारखा वास आला तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला दूर व्हा आणि प्रशिक्षित पथकाला येऊ द्या. कुठून येतोय ते बघायला वाकू नका.

मॅनेजर म्हणतो, ड्रिलच्या दिवसांसाठी रजा वापर. पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणालाही तेच. हे चालतं का?
— वाचक, डॅलस

नाही. सैनिकी सेवा करणाऱ्यांच्या नोकरीचं रक्षण करणाऱ्या १९९४ च्या युसेरा कायद्याने नोकरदाराला तुमची साठवलेली रजा वापरायची सक्ती करता येत नाही. तुम्हाला स्वतःला वापरायची असेल तर वापरा. त्या दिवसांचा पगार द्यायला मात्र तो बांधील नाही. तुमची बाजू एवढीच की आगाऊ कळवायचं. तोंडी चालतं, पण ईमेल करा. वर्षाचं ड्रिलचं वेळापत्रक हातात आलं की लगेच पाठवून द्या.

परतण्याच्या मुदती लक्षात ठेवा. ३० दिवसांपर्यंतच्या सेवेनंतर घरी पोचून ८ तास विश्रांती झाल्यावर येणाऱ्या पुढच्या पूर्ण पाळीला हजर व्हायचं. रविवारी रात्री ११ ला पोचलात तर सोमवारी सकाळी ७ च्या आधीच्या पाळीला बोलावता येत नाही. ३१ ते १८० दिवसांसाठी १४ दिवसांत परतीचा अर्ज, त्याहून जास्त सेवेसाठी ९० दिवसांत. शेपर्डच्या कोर्सनंतर हीच १४ दिवसांची मुदत लोक विसरतात. एका नोकरदाराकडे एकूण ५ वर्षांची मर्यादा असते, पण ड्रिल आणि वार्षिक प्रशिक्षण त्यात धरत नाहीत.

वाद झालाच तर आधी ईएसजीआर या संरक्षण खात्याच्या संस्थेचा ओम्बड्समन गाठा, तो फुकट मध्यस्थी करतो. बहुतेक मॅनेजरना कायदा माहीतच नसतो. वकिलाची नोटीस पहिल्या दिवशी नको.

पैसे किती आणि पेन्शनचं काय?
— अनेकांची पत्रं

एका यूटीएला महिन्याच्या मूळ पगाराचा तिसावा हिस्सा मिळतो, म्हणजे शनिवार-रविवारचे चार दिवसांचे पैसे. २०२५ च्या तक्त्यात नव्या सेकंड लेफ्टनंटचा मूळ पगार ३,९९८.४० डॉलर, म्हणजे एका ड्रिलचे ५३३.१२ डॉलर, कर कापायच्या आधी. ड्रिलला घरभाडं भत्ता नाही आणि येण्याजाण्याचा खर्च सहसा आपला. युनिट दूर असेल तर विमानाच्या तिकिटातच निम्मे गेले असं समजा.

पेन्शन गुणांवर. ४८ यूटीएचे ४८, वार्षिक प्रशिक्षणाचे १५, सदस्यत्वाचे १५, एकूण ७८. वर्षाला किमान ५० झाले तरच ते 'चांगलं वर्ष', आणि अशी २० लागतात. हे वर्ष जानेवारी ते डिसेंबर नसून तुमच्या स्वतःच्या तारखेपासून मोजतात, इथे फसगत होते. दरवर्षी ७८ धरले तर २० वर्षांत १,५६० गुण. त्याला ३६० ने भागलं की ४.३३ वर्षं, आणि २०१८ पासून आलेल्यांना दर वर्षाला २ टक्के, म्हणजे मूळ पगाराच्या सुमारे ८.७ टक्के. तेही साधारण साठाव्या वर्षापासून. पात्र सक्रिय सेवेच्या दर ९० दिवसांमागे वय ३ महिन्यांनी खाली येतं, पण वार्षिक १५ दिवस त्यात नाहीत. टीएसपी या सरकारी निवृत्ती बचत खात्यात स्वतःचे ५ टक्के टाकलेत तर सरकारही ५ टक्के टाकतं, ते सोडू नका. आणि पूर्णवेळ नोकरीचा आरोग्य विमा महाग किंवा तोकडा असेल त्याला ट्रायकेअर रिझर्व्ह सिलेक्ट हा अर्धवेळ सैनिकांचा आरोग्य विमा पगारापेक्षा मोठा फायदा ठरू शकतो.

माझी लेक गार्डमध्ये देखभाल अधिकारी व्हायचं म्हणते. अर्धवेळ म्हणजे तिला युद्धावर पाठवणार नाहीत ना?
— एक आई, शिकागो

पाठवू शकतात, ताई. आंशिक मोबिलायझेशनच्या कलमाखाली सलग २४ महिन्यांपर्यंत बोलावता येतं, राष्ट्राध्यक्षांच्या दुसऱ्या एका अधिकाराखाली ३६५ दिवसांपर्यंत. विमानं गेली की देखभालीचं पथक बरोबर जातंच. शिवाय पूर किंवा वणवा आला तर गव्हर्नर राज्यातल्या कामासाठी बोलावतात. त्या सेवेचा पगार आणि हक्क मुख्यतः राज्याच्या नियमांनी ठरतात, हे तिने ऑर्डर हातात आल्यावर वाचून घ्यायचं.

घरात आधी करून ठेवायच्या गोष्टी थोड्या आहेत. सैनिकी आयुर्विमा ५,००,००० डॉलरपर्यंत असतो, त्यात वारसाचं नाव तिने स्वतः तपासावं, कारण लग्नाआधी भरलेला फॉर्म लग्नानंतर तसाच राहिलेला असतो. बँक आणि घरासाठी पॉवर ऑफ अॅटर्नी तळावरच्या कायदेशीर कार्यालयात विनाशुल्क करून मिळते. मूल असेल आणि ती एकटी पालक असेल, किंवा नवराही सैन्यात असेल, तर मूल कोण सांभाळणार याचा लेखी फॅमिली केअर प्लॅन युनिटला द्यावा लागतो. त्यात तुमचं नाव घालणार असेल तर तुमची सही लागेल, आणि शाळेतून व डॉक्टरकडून मुलाला आणण्या-नेण्याचा अधिकार तुम्हाला वेगळ्या कागदाने मिळाला आहे का, तेही त्याच दिवशी विचारून घ्या.